धार ढळते तेव्हा

लेखमाला : पेशींची निवड – लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण पाहिले की रंगद्रव्य लावलेल्या पेशी लेसरसमोरून एकामागून एक जातात आणि प्रत्येकीच्या चमकेवरून ती कोण आहे हे यंत्र ओळखते. पण ओळख पटणे म्हणजे निम्मेच काम. हवी ती पेशी लाखोंच्या गर्दीतून बाजूला काढून जिवंत स्थितीत नळीत जमा करायची, हे उरलेले निम्मे. सेल सॉर्टरमध्ये ते काम पाण्याच्या केसाएवढ्या बारीक धारेवर सोपवलेले असते. लेसर उत्तम, संगणक उत्तम, रंग उत्तम, पण धार ढळली तर नळीत भलतेच काहीतरी जमा होते. म्हणून आजचा विषय ती धार: ती कशी चालते, का बिघडते आणि बिघाडाचे मूळ कसे शोधायचे.

हा विषय रायगडच्या किनारपट्टीला परका नाही. पनवेल तालुक्यात, खाडी आणि डोंगर यांच्या मध्ये वसलेल्या खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षणाचे प्रगत केंद्र आहे. सगळे त्याला ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. या संस्थेची मुळे परळला १९५२ साली सुरू झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेत आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिचे पहिले संचालक. या शतकाच्या सुरुवातीला हे संशोधन परळहून खारघरला आले. पेशी मोजणाऱ्या आणि वेगळ्या करणाऱ्या यंत्रांची सामायिक सुविधा तिथे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि पवईच्या आयआयटीतही अशी यंत्रे चालतात. वेगवेगळ्या गटांचे विद्यार्थी आपापले नमुने बर्फात घालून आणतात आणि यंत्रावर बसलेल्या ऑपरेटरच्या हाती देतात.

त्या नमुन्याची किंमत आधी लक्षात घेऊ. समजा हजारात एक असणारी पेशी हवी आहे आणि पुढच्या प्रयोगाला तशा १०,००० पेशी लागणार आहेत. म्हणजे किमान १ कोटी पेशी यंत्रातून जायला हव्यात. सेकंदाला १०,००० या वेगाने त्याला १,००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ मिनिटे लागतात. त्यातली पाच मिनिटे धार जागेवरून हललेली असेल आणि कुणाच्या लक्षात आले नसेल, तर तेवढ्या वेळात नळीत हव्या त्या पेशींऐवजी त्यांच्या शेजारचे थेंब पडतील. नमुना रुग्णाच्या अस्थिमज्जेचा असेल तर तो पुन्हा मागता येत नाही.

धारेचे थेंब कसे होतात

पावसाळ्यात कौलारू घराच्या पन्हाळीतून पडणारे पाणी नीट पाहावे. वर ती एकसंध धार असते आणि थोडे खाली गेली की तुटून थेंब होतात. फेलिक्स सावार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३३ मध्ये अशा धारांचा बारकाईने अभ्यास केला. बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने पुढे दाखवले की धारेवरच्या फुगवट्यांमधले अंतर तिच्या परिघापेक्षा, म्हणजे व्यासाच्या सुमारे ३.१४ पटीपेक्षा, जास्त झाले की ती धार टिकू शकत नाही. पृष्ठताण तिला थेंबांकडे ओढत नेतो, कारण तेवढ्याच पाण्याचा पृष्ठभाग थेंबांच्या रूपात कमी असतो. १८७८ च्या सुमारास लॉर्ड रेले यांनी गणिताने सांगितले की व्यासाच्या साधारण साडेचार पट अंतरावरचे फुगवटे सर्वांत वेगाने वाढतात. म्हणजे धारेला त्याच तालात हलके हादरे दिले, तर ती आपल्या मर्जीने वेडीवाकडी न तुटता ठरलेल्या जागी, एकसारख्या थेंबांत तुटते.

सॉर्टरची सगळी यंत्रणा या एका नियमावर उभी आहे. ७० मायक्रॉन व्यासाचे नोझल आणि ७० पीएसआय दाब घेतला, तर गणिताने धारेचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास येतो. नोझलवरचा पिझो स्फटिक सेकंदाला ८०-९० हजार वेळा थरथरतो आणि तेवढेच थेंब तयार होतात. एका थेंबात दीड नॅनोलिटरपेक्षाही कमी पाणी असते. १०० मायक्रॉनचे नोझल असेल तर दाब २० पीएसआयच्या आसपास ठेवतात आणि थेंब ३० हजारांच्या घरात येतात.

पेशी लेसरसमोरून गेल्यापासून तिचा थेंब धारेपासून सुटेपर्यंत अर्धा ते एक मिलिसेकंद जातो. या काळाला ड्रॉप डिले म्हणतात. पेशी हवी तीच असेल तर बरोबर तो थेंब सुटण्याच्या क्षणी संपूर्ण धारेला विद्युतभार दिला जातो. थेंब तुटला की भार त्याच्याजवळ राहतो आणि पुढे काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधून जाताना तो बाजूला वळून नळीत पडतो. भार न मिळालेले थेंब सरळ खाली, टाकाऊ पाण्यात जातात.

हिशेब असा की ८७ हजार थेंबांच्या वेगाला एका थेंबाच्या वाट्याला साडेअकरा मायक्रोसेकंद येतात आणि दोन थेंबांतले अंतर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असते. धार तुटण्याची जागा एवढीशी जरी वर किंवा खाली सरकली, तरी भार शेजारच्या थेंबाला मिळतो. पडद्यावरचे आलेख जसेच्या तसे दिसत राहतात, मोजणी चालू राहते, आणि नळीत मात्र चुकीचे थेंब जमतात.

जुना प्रश्न: दोष यंत्रात की पेशीत?

भारित थेंब वळवण्याची कल्पना मुळात छपाईची. स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांनी १९६० च्या दशकात शाईचे थेंब विद्युतभाराने वळवून कागदावर रेषा काढणारे उपकरण बनवले. लॉस अलामॉसच्या मॅक फुलवायलर यांनी ती युक्ती उचलली आणि १९६५ साली पेशी वेगळ्या करणारे यंत्र जगासमोर ठेवले. १९६९ मध्ये स्टॅनफर्डच्याच लिओनार्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने पेशींच्या चमकेवरून निवड करून दाखवली. आजचे सॉर्टर त्याच घराण्यातले आहेत. २००६ साली हर्झनबर्ग यांना क्योटो पुरस्कार मिळाला.

फुलवायलर यांना हे यंत्र का हवे होते, ही कथा आजच्या विषयाला फार जवळची आहे. माणसाच्या तांबड्या पेशींचे आकारमान मोजताना आलेखात दोन उंचवटे दिसत होते. काहींचे म्हणणे असे की तांबड्या पेशीच दोन प्रकारच्या आहेत. इतरांना शंका होती की हा मोजणीचा दोष आहे. फुलवायलर यांनी एका उंचवट्यातल्या पेशी वेगळ्या काढून पुन्हा मोजल्या. त्यांच्यातही तेच दोन उंचवटे दिसले. म्हणजे पेशी एकाच प्रकारच्या होत्या. फरक मोजमापाच्या रीतीतून येत होता.

सॉर्टरसमोर बसणाऱ्याने हा धडा कायम जवळ ठेवावा. धार बिघडली की पहिला प्रश्न एकच: हा दोष यंत्राचा, नमुन्याचा की खोलीचा? या तिघांना वेगळे केल्याशिवाय कशालाही हात लावू नये. घाईने दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर धार कदाचित सुधारेल, पण ती कशाने सुधारली हे कळणार नाही आणि उद्या तोच दोष पुन्हा येईल.

निरोगी धार कशी दिसते

आजारी धार ओळखायची तर निरोगी धार डोळ्यांत बसलेली हवी. थेंबांच्या तालातच लुकलुकणाऱ्या प्रकाशात कॅमेरा धारेचे चित्र घेतो, त्यामुळे पडद्यावर वेगाने धावणारे थेंब स्थिर दिसतात. तिथे चार गोष्टी पाहायच्या. धार नेमकी कुठे तुटते. शेवटचा जोडलेला भाग आणि पहिला सुटा थेंब यांच्यात फट किती आहे. मोठ्या थेंबांच्या मध्ये तयार होणारे चिमुकले उपथेंब किती लवकर मोठ्या थेंबात मिसळतात. पाच-सहा थेंबांच्या आत मिसळले तर उत्तम. आणि धार सरळ, मधोमध खाली जाते का.

पाचवी गोष्ट चित्रात दिसत नाही, आकड्यात दिसते. ती म्हणजे ॲम्प्लिट्यूड, अर्थात पिझो स्फटिकाला किती जोराने हलवले जाते आहे. आजची बरीच यंत्रे धार तुटण्याची जागा स्वतःच राखतात. जागा खाली सरकू लागली की ॲम्प्लिट्यूड वाढवून ती पुन्हा वर आणतात. ही सोय मोलाची आहे, पण तिच्यामुळे खरा दोष झाकलाही जातो. सकाळी जो आकडा होता तो दुपारपर्यंत हळूहळू चढत गेला असेल, तर चित्र कितीही सुरेख दिसो, आत काहीतरी बदलते आहे. नोझलच्या तोंडाशी मीठ साठत असेल, हवेचा बुडबुडा अडकला असेल, दाब उतरत असेल. ॲम्प्लिट्यूड वाढवणे हा उपाय नाही. ती वाढवावी लागते आहे हे लक्षण आहे.

नमुना काढून पाहा

तपासाची पहिली पायरी सर्वांत सोपी आहे आणि तीच बहुतेक वेळा वगळली जाते. नमुन्याची नळी काढा आणि नुसत्या शीथ द्रवावर धार दोन-तीन मिनिटे चालू ठेवा. शीथ द्रव म्हणजे पेशींना चहूबाजूंनी वेढून नेणारे खारे पाणी. धार आता स्थिर झाली तर दोष नमुन्यात आहे. तरीही हलत राहिली तर दोष यंत्रात किंवा खोलीत आहे. एवढ्याने निम्मा तपास संपतो.

नमुन्यातला दोष बहुधा गुठळ्यांचा असतो. ऊतींपासून पेशी सुट्या करताना काही मरतात. मेलेल्या पेशींतून डीएनए बाहेर पडते, ते चिकट असते आणि जिवंत पेशींनाही एकमेकींना चिकटवते. नोझलपर्यंत पोचलेली अशी गुठळी पूर्ण अडली तर धार थांबते आणि यंत्र स्वतःच काम बंद करते. जास्त धोका अर्धवट अडलेल्या गुठळीचा असतो. तेव्हा धार चालू राहते, पण किंचित तिरकी होते आणि तुटण्याची जागा सरकते.

उपाय यंत्राजवळ येण्याआधीच करायचे आहेत. नमुना ३५ ते ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळावा, तोही यंत्रावर लावण्याच्या अगदी आधी, कारण तासापूर्वी गाळलेल्या नमुन्यात नव्या गुठळ्या झालेल्या असतात. द्रवात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसावे, थोडे ईडीटीए असावे. डीएनए फार असेल तर डीएनेज वापरावे, पण त्या विकराला मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए नेमके तेच पकडून ठेवते. म्हणून डीएनेजची पायरी आधी पूर्ण करावी आणि ईडीटीए नंतर घालावे. दोन्ही एकत्र घातली तर डीएनेज निकामी होते आणि ‘औषध घालूनही गुठळ्या’ असे कोडे पडते.

नोझलची निवडही नमुन्यावर ठरते. नोझलचा व्यास पेशीच्या निदान पाचपट असावा, असा जाणत्यांचा नियम आहे. ७ ते १० मायक्रॉनच्या लिंफोसाइट पेशींना ७० मायक्रॉनचे नोझल पुरते. अर्बुदातल्या १५ ते २० मायक्रॉनच्या पेशींना १०० मायक्रॉनचे घ्यावे. मोठे नोझल म्हणजे कमी वेग आणि जास्त वेळ, म्हणून विद्यार्थी लहान नोझलचा आग्रह धरतात. पण मोठी पेशी लहान तोंडातून जाताना धारेचा आकारच बदलते आणि तिचा थेंब इतरांसारखा तुटत नाही. वाचवलेला वेळ अशुद्ध नमुन्याच्या रूपाने परत द्यावा लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. नळीतला नमुना संपत आला की सुईतून हवा आत ओढली जाते आणि पुढची काही मिनिटे बुडबुड्यांचा त्रास सुरू राहतो. शेवटचा थेंबही वाया जाऊ नये ही विद्यार्थ्याची तळमळ समजण्यासारखी आहे. तरी तळाशी थोडे राहू द्यावे.

दोष यंत्रात असेल तर

नमुना काढूनही धार तिरकी असेल तर आधी नोझल पाहावे. ते नीट बसलेले नसेल, त्याची ओ-रिंग झिजली असेल किंवा तोंडाशी मिठाचा कण असेल. पण दार उघडण्यापूर्वी थांबावे. अडलेली धार फवारा उडवते आणि त्या फवाऱ्यात रुग्णाच्या पेशी असतात. धार आणि नमुना बंद करावा, हवा ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवून काही मिनिटे जाऊ द्यावीत, मग हातमोजे, मास्क आणि चेहऱ्यावरची ढाल घालून दार उघडावे. हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नये.

काढलेले नोझल सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, शुद्ध पाण्यात घालून सोनिकेटरमध्ये थोडा वेळ ठेवावे आणि कोरडे करून परत बसवावे. छिद्रात तार किंवा सुई कधीही घालू नये. कडेला बसलेला डोळ्यांना न दिसणारा ओरखडा धारेला कायमचा तिरकेपणा देतो आणि नवे नोझल घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

धार सरळ आहे, पण तुटण्याची जागा वरखाली होते आहे, असे असेल तर शोध नोझलच्या वर न्यावा. तिथे दोन संशयित. पहिला संशयित हवा. शीथची टाकी नुकतीच भरली असेल किंवा फिल्टर नुकताच बदलला असेल, तर फिल्टरमध्ये अडकलेली हवा सावकाश सुटत राहते. ती फिल्टरच्या वरच्या तोंडातून पूर्ण काढून टाकावी. दुसरा संशयित दाब: टाकी संपत आली आहे का, झाकण घट्ट आहे का, कुठल्या सांध्यातून गळते आहे का, हवा पुरवणारा काँप्रेसर ठरावीक वेळाने चालू-बंद होताना धार त्याच लयीत हलते का. जागा हलण्याला ठरावीक लय असेल तर घड्याळ लावून ती टिपावी. लय कळली की तिच्याशी जुळणारे दुसरे उपकरण खोलीत सहज सापडते.

आता बाजूच्या धारा. भारित थेंब एका सरळ रेषेत वळून नळीत पडायला हवेत. ते पंख्यासारखे पसरत असतील तर थेंबांना मिळणारा भार एकसारखा नाही. थेंब सुटण्याच्या क्षणाशी भाराची वेळ जुळत नसेल, तर तो अर्धा या थेंबाला आणि अर्धा त्या थेंबाला जातो. शिवाय नुकत्याच सुटलेल्या भारित थेंबाचा परिणाम मागून येणाऱ्या थेंबावर होतो. त्याच्यात उलटा भार ओढला जातो. यंत्रात यासाठी दुरुस्तीचे आकडे असतात, पण तुटण्याची जागा स्थिर नसताना त्यांच्याशी खेळण्यात अर्थ नाही. आधी मुख्य धार, मग बाजूच्या धारा.

एक बिघाड असा की पाहणारा चक्रावतो: धार देखणी, थेंब सुरेख, उपथेंब वेळेवर मिसळणारे, आणि तरी एकही थेंब वळत नाही. अशा वेळी टाकीत काय भरले आहे ते पाहावे. खाऱ्या द्रवाऐवजी शुद्ध पाणी भरले गेले असेल तर थेंब नेहमीसारखेच होतात, पण त्या पाण्यातून विद्युतभार पुरेसा वाहत नाही. टाकीतला द्रव बरोबर असेल तर भार देणारी तार आणि पट्ट्यांचा व्होल्टेज पाहावा.

किनाऱ्यावरची हवा

तिसरा संशयित खोली. सॉर्टरची बरीच मार्गदर्शक पुस्तके थंड, कोरड्या देशांत लिहिली गेली आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेले असते. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. वातानुकूलित खोलीत २२ अंशांवर असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतले पाणी साचू लागते. दार उघडे राहिले, वीज जाऊन वातानुकूलन बंद पडले, की यंत्राच्या धातूच्या भागांवर ओल येते.

त्यात मिठाची भर पडते. ७० मायक्रॉनच्या नोझलमधून तासाला सुमारे ४०० मिलिलिटर शीथ द्रव वाहतो. लिटरला ८ ग्रॅम मिठाच्या हिशेबाने तासाला तीन ग्रॅमहून जास्त मीठ त्या छोट्या कप्प्यातून जाते. उपथेंब भरकटले किंवा धार थोडी शिंपडली की त्यातला अंश पट्ट्यांवर वाळून बसतो. उरण आणि पेणच्या मिठागरांच्या या मुलुखात कुणालाही ठाऊक आहे की पावसाळ्यात उघडे मीठ पाझरते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. काही हजार व्होल्टच्या पट्ट्यांवर असा ओला, विद्युतवाहक थर बसला की ठिणगी उडते, व्होल्टेज कोसळतो आणि बाजूच्या धारा क्षणभर नाहीशा होतात. उन्हाळ्यात हाच थर कोरडा असतो आणि काही त्रास देत नाही. म्हणून मे महिन्यात उत्तम चाललेले यंत्र जुलैत कुरकुरते.

उपाय खर्चिक नाहीत, पण रोजचे आहेत. काम संपल्यावर व्होल्टेज बंद करून पट्ट्या आणि आसपासचा भाग शुद्ध पाण्याने पुसावा, मग पूर्ण कोरडा करावा. खोलीत आर्द्रतामापक ठेवावा आणि पावसाळ्यात हवा कोरडी करणारे यंत्र चालवावे. वातानुकूलन रात्रीही बंद करू नये, कारण रोज थंड-गरम होणाऱ्या खोलीत रोज ओल येते.

तापमानाचा दुसरा परिणाम धारेवरच होतो. २० अंशांवरच्या पाण्यापेक्षा २५ अंशांवरच्या पाण्याची चिकटी सुमारे ११ टक्के कमी असते. चिकटी बदलली की वेग आणि तुटण्याची जागा दोन्ही थोडी बदलतात. शीथ द्रवाचे कॅन बाहेरच्या उकाड्यात ठेवलेले असतील तर आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवावेत. यंत्र सुरू केल्यावर धारेला स्थिरावायला निदान अर्धा तास द्यावा आणि ड्रॉप डिले त्यानंतरच ठरवावा. त्यासाठी चमकणारे बीड्स चालवून पाहतात. बाजूच्या धारेत ९५ टक्क्यांहून जास्त बीड्स वळले की वेळ जुळली असे समजतात. नंतर नोझलला हात लागला, दाब बदलला किंवा तुटण्याची जागा हलली, की ही तपासणी पुन्हा करायची.

नोंद ठेवण्याची परंपरा

यंत्र, नमुना आणि खोली यांना वेगळे करण्याचे एक थोर उदाहरण याच जिल्ह्यात आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरले. त्या विजेने चुंबकीय मोजमाप बिघडणार होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबाग. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, पण कुलाब्याच्या लगेच बंद केल्या नाहीत. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. दोन्ही जागांच्या आकड्यांतला फरक माहीत झाल्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. पुढच्या संशोधकाला पृथ्वीतला बदल कोणता आणि जागेतला कोणता हे सांगता येऊ लागले. अलिबागची ती वेधशाळा आजही चालू आहे आणि ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय खारघरपासून जवळच, नवीन पनवेलला आहे.

सॉर्टरच्या खोलीतही हीच शिस्त हवी. रोज एक वही भरावी: तारीख, वेळ, नोझल, दाब, फ्रिक्वेन्सी, ॲम्प्लिट्यूड, तुटण्याची जागा, ड्रॉप डिले, खोलीचे तापमान, आर्द्रता आणि बीड्सचा निकाल. निरोगी धारेचे एक छायाचित्र त्याच पानाला लावावे. पाच मिनिटांचे काम आहे. वर्षभराने ती वही कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा जास्त सांगते, कारण ती याच यंत्राची, याच खोलीची आणि याच हवेची असते. जुलैतल्या बिघाडाचे उत्तर मागच्या जुलैच्या पानावर मिळते. सेवा अभियंता येतो तेव्हा ‘कालपासून नीट चालत नाही’ या वाक्याऐवजी आठ दिवसांत चढलेला ॲम्प्लिट्यूड त्याच्यासमोर ठेवता येतो. दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

ही वही लिहिणारा माणूस टिकायला हवा, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. कोट्यवधी रुपयांचे यंत्र घेताना संस्था निविदा काढतात, खोली सजवतात, उद्घाटन करतात. ते चालवणारा ऑपरेटर मात्र अनेकदा वर्षा-वर्षाच्या कंत्राटावर असतो. धारेकडे पाहून ‘आज हिचे काहीतरी बिनसले आहे’ असे म्हणण्याची नजर तयार व्हायला काही वर्षे लागतात. तो माणूस गेला की ती नजरही जाते आणि पुढचा ऑपरेटर शून्यापासून सुरुवात करतो. शोधनिबंधांत अशा कामाचा उल्लेख आभाराच्या एका ओळीत होतो, कधी तोही नाही. निकालाची शुद्धता ज्याच्या हातात आहे, त्याची नोकरीही पक्की असायला हवी आणि त्याचे नावही निबंधात यायला हवे. विज्ञान शाखेच्या आपल्या महाविद्यालयांनी उपकरणांची देखभाल हा विषय प्रात्यक्षिकांसह शिकवला, तर पेण, अलिबाग, पनवेलच्या मुलामुलींना घराजवळ सन्मानाचे काम मिळेल आणि प्रयोगशाळांना जाणते हात मिळतील.

शेवटी तपासाचा क्रम पुन्हा सांगतो. नमुना काढून पाहा. नोझल पाहा. मग वर जात हवा आणि दाब पाहा. मुख्य धार स्थिर झाल्यावरच बाजूच्या धारांना हात लावा. आर्द्रता आणि तापमान वाचा. प्रत्येक बदल एकेक करा, प्रत्येक बदलानंतर बीड्स चालवा आणि वहीत लिहा.

पुढच्या लेखांकात नळीत पोचलेल्या पेशींकडे वळू. सेकंदाला तीस मीटरच्या वेगाने येऊन आदळलेल्या पेशी जिवंत कशा ठेवायच्या, नळीत आधी कोणता द्रव घालायचा आणि जमा झालेला नमुना खरोखर किती शुद्ध आहे हे पुन्हा तपासायचे कसे, हे तेव्हा पाहू.